निळ्या शाईतली अट

किनखेडे बाईंनी मानेवाड्याचा प्लॉट विकून
कॉलेजच्या नावावर ठेवलेले पैसे.
व्याजातून वर्षाला एकच शिष्यवृत्ती, अठरा हजार.
अट त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत:
एक काम शिकावे, ज्यात चूक झाली की लगेच कळते.
एक विषय शिकावा, ज्यात चूक कळायला जन्म जातो.
दोन्ही एकाच वेळी.

समितीत चार प्राध्यापक आणि पाचवा मी,
हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त,
एकतीस वर्षं लेथवर.
मला काहून बोलावलं, विचारलं नाही.
खुर्ची कूलरसमोर होती.

मे महिना. सक्करदऱ्याचा रस्ता
बारापासूनच संचारबंदी लागल्यासारखा.
पोरंपोरी तोंडाला दुपट्टे बांधून आली,
जिन्यात सोडून, झटकून, बगलेत धरून
एकेक आत.

वेल्डिंग आणि राज्यशास्त्र.
शिवणकाम आणि पाली.
प्लंबिंग आणि मराठी वाङ्मय, तो तुमाने,
ओळी म्हणताना अंगठा हवेत फिरवत होता,
जणू कुठला तरी नट सैल आहे
आणि त्याला तो दिसतो आहे.
त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीनं टिंब दिलं.

मग श्रुतिका निखारे.
मोटर वाइंडिंग, इतिहास.
बापाचं दुकान इतवारीत, जिन्याखाली,
उन्हाळाभर जळालेल्या मोटरींचा ढीग.
नखांत वार्निश. लपवलं नाही, दाखवलंही नाही.

देवपुजारी सर पुढे सरकले, गोड हसले:
जळालेल्या मोटरीचे जुने वेढे आधी मोजता ना तुम्ही?
मोजल्याशिवाय नवे गुंडाळता येत नाहीत ना?
मग हाच तर इतिहास!
उत्तर ताटात वाढून दिलं होतं,
तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

'नाही सर.
वेढे मोजताना मी वेढेच मोजते.
इतिहास मनात आला तर आकडा चुकतो
आणि मोटर आठ दिवसांत परत येते.'

सरांनी पेनचं टोपण लावलं.
मी म्हटलं, मग इतिहास काहून पाहिजे तुले?

ती गप्प. कूलर घरघरत होता.
मग म्हणाली, 'दुकानात आजोबांची वही आहे.
ज्याची मोटर त्याचं नाव, पुढे वेढे, पुढे तारेचा गेज.
एका पानावरची नावं खोडलीत, सगळी,
आकडे तसेच ठेवलेत.
कोणी खोडली, बाबाले माहीत नाही.
हे कोणाले विचारायचं असते, कसं विचारायचं असते,
ते शिकाचं आहे.'

माझं नाव एकदा नाइट कॉलेजात होतं. बी.ए. भाग एक.
तेव्हाचा फोरमन म्हणाला होता,
बोकडे, मशीन पाहा नाहीतर पुस्तक पाहा.
मी मशीन पाहिलं.
लायब्ररीचं कार्ड बरीच वर्षं टूलबॉक्सच्या तळाशी होतं,
ऑइलनं पारदर्शक झालेलं.
हे मी बैठकीत बोललो नाही.
गुण दिले.

दारातून ती वळली. 'सर, या कूलरचा बुश गेला आहे.
आवाज ऐका. गुरुवारपर्यंत चालेल.'

गुरुवार गेला. पुढचाही.
जून अर्धा सरला, आभाळ आलं,
शिपायानं कूलर चालत्या स्थितीत पुसून
गोणपाटात बांधून ठेवला.

चेक न्यायला आली तेव्हा मी मुद्दाम सांगितलं.
हसली. 'चुकलं, सर.'
खिशातून चिटोरं काढून काहीतरी टिपलं,
बुशबद्दल असेल,
नाहीतर माझ्याबद्दल.

तुमानेच्या नावापुढचं टिंब
यादीत तसंच आहे.
खोडरबर टेबलावरच असतं.
त्याचं पुढं काय झालं
ते अजून कोणी सांगत आलेलं नाही.