रकाना सात

देणगी देणाऱ्या संस्थेचा फॉर्म आलाय.
मावशीला चष्मा सापडत नाही, म्हणून मी वाचते,
ती कांदे चिरते.

रकाना एक. केंद्राचं नाव.
केंद्र कसलं? गॅरेज, लिही.
केपटाऊन, पण डोंगराची ती बाजू नव्हे
जी पोस्टकार्डावर असते.

रकाना चार. मिळालेली मदत.
ऐंशी लिटरचं पातेलं, एक.
शेगड्या दोन. वाटाणा, जव.
हाडं तुमच्या पैशांची नाहीत,
ती इब्राहिम खाटीक देतो शुक्रवारी
आणि नाव कुठं लिहू नका म्हणतो.

रकाना सात.
हिंसाचाराच्या किती घटना टळल्या?
फक्त आकडा.

सुरी थांबते.
बाहेर वारा सुटलाय, दाराखालून वाळू आत सरकते.
मावशी उठून पातेल्यावर ताट झाकते.
जे झालंच नाही ते कुठल्या मापानं मोजू गं?

मग म्हणते, तौरीकचं लिही.
मैदानापलीकडचा. सतरा वर्षांचा.
त्या मंगळवारी आला डबा न आणता,
एक हात स्वेटरच्या आत.
पुढे डेव्हलिन उभा, याच्या भावाचं काय झालं
ते ज्याच्या घराला विचारावं, त्या घरातला.
रांग इतकी गप्प झाली
की शेगडीची फुरफुर मला पहिल्यांदा ऐकू आली.

मी आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतला,
उकळतं सूप काठोकाठ ओतलं
आणि धरला त्याच्यासमोर.
घे ना रे, हात भाजतोय माझा.

त्या डब्याला कान नसतात.
दोन्ही हात लागतात.

तो हलेना.
मीही हलले नाही. बोटं बघ, टोकं अजून पांढरी आहेत.
मग तो आतला हात बाहेर आला.
रिकामा.

तेव्हापासून कानाचं भांडं मी कुणाच्या हाती देत नाही.
संस्थेनं पाठवलेले दीडशे मग
खोक्यातच आहेत, वर, पत्र्याला टेकून.
हे लिहू नकोस.
नाही, लिही.

म्हणजे एक लिहू, मावशी?

एक कसा?
इथून गेल्यावर तो कुठं गेला, मला काय ठाऊक.
आणि डेव्हलिन तर जुलैत गेलाच,
तीन गल्ल्या सोडून, रविवारी दुपारी.
रविवारी आपलं पातेलं पालथं असतं.

ती पुन्हा कांद्याकडे वळते.
डोळे पुसते, मनगटानं,
आणि कांद्याला बोल लावत नाही.

रविवारला वाटाणा किती लागेल गं?
दहा किलो?
आकडाच हवाय ना त्यांना.

मी लिहिते, दहा.
रकाना लहान आहे.
किलो हा शब्द चौकटीबाहेर जातो.