एका घारीला एक दाणा

सप्टेंबर निम्मा सरला की
नुगझार संत्र्यांच्या बागेत खुर्ची टाकायला सांगतो,
उताराच्या टोकाला, जिथून खाली काळा समुद्र दिसतो.
मला दिसतो. त्याला नुसता ऐकू येतो.

डाव्या हाताशी घेवड्याचे लाल दाणे,
उजव्या हाताशी पत्र्याचं रिकामं वाडगं.
मी सांगायचं, त्याने टाकायचा:
एका घारीला एक दाणा. टण्ण.

"सगळ्यांना घार म्हणू नकोस," तो करवादतो.
"मान कशी? कबुतरासारखी पुढे काढलीय?"
"कबुतरासारखी."
"मग मोहोळघार. गांधीलमाश्यांची पोळी उकरून खाते ती."

मला चहाची पानं कळतात.
बावीस वर्षं चाक्वीच्या मळ्यात
दोन पानं नि एक कळी खुडली, मान खाली घालून.
डोक्यावरून काय काय गेलं, पाहिलंच नाही.
टेकडीवरून बार ऐकू आला की एवढंच कळायचं,
आज रात्री पिसं काढायची आहेत.

हो, खाल्ल्यात आम्ही.
वीज नव्हती, पगार नव्हता, त्या वर्षी तर
बरणीत खारवून हिवाळ्याला ठेवल्या.
चरबी पिवळी असते त्यांची.
बोटांना अजून आठवते.

आज पूर्वेच्या डोंगरांवर पाऊस धरलाय,
म्हणून सगळ्या इकडे, किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत लोटल्या गेल्यात.
शेजारच्या टेकडीवर परदेशी पोरं
दुर्बिणी लावून, खटके दाबत मोजतात.
त्सिउरीचा धाकटा त्यांना कॉफी विकतो.

"सांग ना."
सांगते. टेकडीआडून वर आल्या.
गोल फिरतायत, उकळत्या भांड्यात
चहाची पत्ती फिरते तशा, वर, आणखी वर.
आता टोकाची एक सुटली. तिच्यामागे दुसरी.
पंख न हलवता, सरळ दक्षिणेला,
तुटल्या माळेतून मणी ओघळावेत
"मणी राहू देत. किती?"
सत्तावीस. चाळीस. मग एकदम दोनशेच्या वर,
तेव्हा त्याने मुठीच रिकाम्या केल्या.
वाडग्याचा आवाज बदलला. टण्ण गेलं, नुसतं टप.

मध्येच कुंपणाच्या तारेवर एक खाटीक येऊन बसला.
लहानपणी नुगझार असला खाटीक काठीला बांधायचा,
त्याच्या फडफडीवर ससाणा उतरायचा जाळ्यात.
खाटीक आलाय, हे मी सांगितलं नाही.
थोडा वेळ बसला, आपला आपण गेला.

ऊन समुद्राकडे कललं. आकाश रिकामं.
त्याची बोटं दाणा धरून थांबलेली.
मी म्हटलं, "एक."
टप.
"अजून एक. एकटीच. खालून गेली, झाडांना लागून."
"शेपूट?"
"लांब."
"मान?"
मी पोतीकडे जाणाऱ्या जहाजाकडे बघत राहिले.
"कबुतरासारखी."

तो हसला नाही.
"ऊन उतरलं की हवा निजते, गुलिको.
केव्हाच रानात उतरल्या असतील त्या."
दाणा अंगठ्याखाली फिरवत राहिला.
"पण एकटी म्हणतेस.
एकटीचं काही सांगता येत नाही."
टप.

रात्री मी ते दाणे भिजत घातले.
सकाळी पाहिलं, तर फुगून
वाडग्याबाहेर सांडले होते.