मी आठशे

फळा आला तेव्हा पोरांनी आधी फुगे फोडले,
खोक्यातल्या प्लास्टिकचे, टप टप टप,
कारखान्याच्या साहेबांचं भाषण संपेपर्यंत.

अंबड, मनपा शाळा, सहावी ब.
शनिवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून विजेलाही;
त्या दिवशी डिजिटल फळा म्हणजे काळा आरसा,
मुली त्यात वेण्या सारख्या करतात.
बाकी पाच दिवस त्याच्यावर
हृदय धडधडतं, पृथ्वी कलते,
आणि कौस्तुभ पगारे बोटानं गोदावरी ओढत ओढत
ब्रह्मगिरीपासून थेट समुद्रापर्यंत जातो.
"मॅडम, एवढी मोठी? आपल्याकडे तर पुलाखाली मावते."

योगिनी खैरनार दिवाळीनंतर आली,
नामपूरहून. वडील नटबोल्टच्या शॉपमध्ये.
पटावर अडतीसावी.
हजेरीला नुसता हात, तोही कोपरापर्यंत.
पहिल्या दिवशी बोलली होती काहीतरी,
वर्ग हसला होता,
आणि मी, प्रेमानंच असं मला तेव्हा वाटलं,
म्हणाले होते, "शे नाही बाळा, आहे म्हणायचं."
त्यानंतर ना शे, ना आहे.

जानेवारीत टॅब आले. सहा.
आपण बोलायचं, ते लिहिणार.
सगळे 'माझा आवडता पक्षी' बोलून मोकळे झाले;
टॅबनं मोराचा मोरया केला, तोही चालला.
मधल्या सुट्टीत खिचडीची रांग लागली,
मी वह्यांत डोकं घालून बसलेले,
तर मागच्या बाकाखालून पुटपुट.
चोरून कैरी खावी तसा टॅब तोंडाशी धरलेला.
हे हसत नाही,
एवढं तिनं हेरलं होतं.

सुट्टीनंतर टॅब माझ्या हातात आला.
त्यावर होतं:

मनी माय घर १००
तीन बकऱ्या नामपूर लेट शेतात
माले ८ कर मत नाही
मी ८००

आणि जे शब्द आकड्यांत बसले नव्हते
त्यांच्याखाली लाल नागमोडी रेघ.
ती रेघ ओळखीची निघाली.
अकरा वर्षं मीच ओढत आलेय, पट्टी न लावता.

एकदा वाचलं, काही लागेना.
मग दार लोटून मोठ्यानं वाचलं,
सिन्नरची माझी जीभ थोडी उत्तरेला कलवून.
आठे शे. आठे शे.
इथं आहे.
आठे करमत नही.
याला तर भाषांतरही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला विचारून
ते मोठ्या फळ्यावर टाकलं.
यंत्र कुठे कुठे फसलंय, शोधा.
योगिनी उत्तरपत्रिका. आधी मानेनं हो-नाही,
मग एका शब्दानं,
मग कौस्तुभवर चक्क ओरडली, "आसं नही रे!"
सुरगाण्याचा यशवंत गावित पुढं आला,
आजी शेळीला हाक मारते ते वाक्य बोलला.
फळ्यावर गोल फिरत राहिला, फिरत राहिला,
आणि रिकामी ओळ आली.
"हरला!" अख्खा वर्ग बाकांवर.
चांदनी प्रसादनं आपलं गाव ऐकवलं,
तर त्यानं विचारलं, भाषा बदलायची का?
ती म्हणाली, "नाही."

मार्चमध्ये तक्ता भरायचा होता:
डिजिटल साधनांमुळे झालेली अध्ययन निष्पत्ती.
रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहिलं, समाधानकारक.
८०० लिहिलं असतं
तर साहेबांनी विचारलं असतं, काय आठशे?
मिनिटं की मुलं?

परवाचा शनिवार. वीज गेलेली, फळा काळा,
एका वेणीचं रबर त्याच्या कोपऱ्याला अडकवलेलं.
मी कागदी हजेरी काढली.
छत्तीस, सदतीस.
"अडतीस?"
"मी आठे शे."
वर्ग हसला.
तीही हसली, सगळ्यांच्या थोडं आधीच.
एमआयडीसीत एकही प्रेस चालू नव्हता,
म्हणून नीट ऐकू आलं.