बावटा उतरेपर्यंत

तीन नंबरचा बावटा चढला की हर्णैच्या वाळूवर
बोली थांबते, टोपल्या उपड्या होतात.
मग आम्ही बसतो बर्फाच्या कारखान्यामागे,
मिठाच्या गोण्यांवर फळी, फळीवर
कुणाच्या तरी लग्नातली गुलाबी चादर,
आणि तीन पत्ती.

बायांमध्ये मी एकटी.
वीस वर्षं लिलावात उभी राहिलेल्या बाईला
इथून ऊठ म्हणायला जीभ लागते.
भाव काही पापलेटच्या डोळ्यात नसतो,
घेणाऱ्याच्या पाठीत असतो.
ज्याला माल हवाच आहे
तो टोपलीकडे पाठ करून विडी पेटवतो.

इथेही तेच.
धाकू टिमकरला जोडी लागली
की त्याचा चहा गार होतो.
हसनमियाँकडे काही नसलं
की कुवेतचा भाचा निघतो, भाच्याची गाडी निघते,
गाडीतला थंडगार वारा आम्हा सगळ्यांना लागतो.
पान चांगलं असलं की गप्प,
नापास होऊन घरी आलेल्या पोरासारखा.
वसंता पेंटर पानं परत उचलून बघतो,
रंग आहे का, रंग आहे का.
अरे, रंग असता तर
दुसऱ्यांदा बघावा लागला असता?

मी हे कुणाला सांगत नाही.
पदराच्या गाठीत ठेवते, सुट्ट्या पैशांशेजारी.

त्या रात्री रखमाजी तांडेल आला.
कधी येत नाही.
दाराजवळची गोणी धरली, पानं वाटली गेली,
त्याने उचललीच नाहीत.
ब्लाइंड.
दहा. पुन्हा दहा. मग वीस.
हसनमियाँ पडला, वसंता पडला,
धाकूने चहा पिऊन टाकला.
उरलो आम्ही दोघं.
माझ्याकडे तीन दश्श्या.
त्याच्या विसाला माझे चाळीस.

मी त्याला वाचायला घेतलं.
बोटं थरथरत होती. थाप?
पण पानं न बघणारा थाप कुणाला मारणार?
मान वाकडी, डावा कान दाराकडे.
श्वास धरायचा, सोडायचा, धरायचा,
माझ्या चालीशी त्याचा मेळ नाही.
माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.
नोट टाकताना ती पन्नासची आहे
हेही बघितलं नाही.

पन्नास माणसांत मनातला आकडा ओळखणारी मी,
समोर बसलेल्या एकाचा
एक शब्द लागेना.

शो मागायचे पैसे मुठीत होते.
वारा पत्र्याखालून शिरत होता,
बर्फाची चक्की बंद,
आणि तो उठला.
आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.
मग आलं,
खाडीच्या तोंडाशी, लांब,
सहा सिलिंडर, त्यातला एक आजारी माणसासारखा खोकणारा.
"दिगू," एवढंच म्हणाला.
चप्पल तिथेच. पैसे तिथेच. पानं तिथेच, पालथी.

दिगू दोन दिवस जयगडच्या बाहेर होता
हे सगळ्या बंदराला माहीत होतं.
मला माहीत होतं.
मी पत्ते बघत होते.

वसंताने त्याची पानं उलटायला हात लांबवला,
मी त्याच्या मनगटावर चापट मारली.
गड्डी गोळा केली, पैसे त्याच्या चपलेत खोचले.

"तुझ्याकडे तीन सारखी होती ना, बाय?"
हसनमियाँ म्हणाला. कुवेत नाही, भाचा नाही.
"तुला कसं कळलं?"
"पान लागलं की तुझा हात कुडीवर जातो.
दहा वर्षं जातो.
म्हणून तर आम्ही पडतो."

दहा वर्षं!
मला वाटायचं, माझं नशीबच असं,
चांगल्या पानाला बंदरात गिऱ्हाईक नाही.

धाकूने पुन्हा पत्ते पिसले.
मी कुडी काढून गाठीत बांधली,
पहिलं पान उचललं,
आणि हात रिकाम्या कानाकडे निघाला
तो अर्ध्या वाटेत धरला.
सगळे माझ्या हाताकडेच बघत होते.