गाठ नसलेली जागा

उरवाई दरवाजापाशी ती बसमधून शेवटी उतरली
आणि आधी माणसं मोजली. सतरा.
तेव्हाच ओळखलं, ही आपल्यातली.
पर्यटक आधी फोनची रेंज बघतो.

नाव एउलालिया किस्पे. गाव कुस्को.
बावीस वर्षं इंकांच्या दगडांवरून लोक फिरवते,
आणि सुट्टी मिळाली तर आली कुठे,
आमच्या ग्वाल्हेरला, दुसऱ्याच्या दगडांवर,
दुसऱ्या गाइडच्या मागे.

मी माझं सुरू केलं. एकतीस वर्षांचं पाठांतर.
मानमंदिराच्या निळ्या फरशा, पिवळी बदकं,
सूरजकुंडाच्या पाण्यानं राजाचं कोड गेलं ती गोष्ट,
हशा येतो तिथे थांबणं.
ती बदकांकडे बघतच नव्हती.
मी उन्हात उभा राहून लोकांना भिंतीच्या सावलीत कसा उभा करतो,
ते बघत होती.

तेली मंदिरामागे आम्ही गजकाचा पुडा फोडला.
तिचं इंग्रजी मोडकं, माझंही,
दोघांची मोडतोड जुळली.
तुला काय विचारतात?
सोनं कुठे गेलं, म्हणाली. हे परग्रहावरच्यांनी बांधलं का.
आणि तुला?
खजिना कुठे पुरलाय. भुयार दिल्लीला निघतं का.
मग दोघंही एकदम म्हणालो: संडास कुठे आहे.
तिकडे चढताना दम लागतो, मग कोकाची पानं चघळायला देतात.
मी म्हटलं, आमच्याकडे पान चघळायला
दम लागावा लागत नाही.

बाकीचे चहाला बसले तेव्हा
तिला हत्तीपोळीखालच्या उतारावर नेलं.
तिथे बस जात नाही, म्हणून कोणीच जात नाही.
एका खडकात कोरलेलं एवढंसं देऊळ. कुलूप.
रामसेवक चावी घेऊन आला, कुरकुरत.
टॉर्च पाडला भिंतीवर:
देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी हात दोनशे सत्तर.
हे बघ शून्य.
बाकीच्या आकड्यांहून लहान,
पंगतीत कडेला बसवलेल्या पोरासारखं.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग गळ्यातली किल्लीची दोरी काढली,
आईनं विणलेली, लाल.
आमच्या लोकांना लिपी नव्हती, म्हणाली.
कोठारात मका किती, रस्त्याच्या कामावर माणसं किती,
सगळं गाठींत.
वर शेकडे, मध्ये दहक, खाली एकक.
दोन गाठी मारल्या. जरा सोडून सात.
आणि त्याखाली दोरी ताणून धरली, बोट ठेवलं.
इथे.
नुसता धागा होता.
जागा मात्र होती.

मला का कोण जाणे, माझी वही आठवली,
ती बंदची दोन वर्षं.
रोज सकाळी तारीख घालायचो. पुढे काही नाही.
बायको म्हणायची, कशाला कागद नासता.
तिला सांगितलं तर मान हलवली.
तिकडे डोंगरच बंद होता. लामा आत शिरून
राजाच्या अंगणात चरत होते, म्हणाली,
त्यांना तिकीट नाही.

खाली बसपाशी तिनं पुन्हा मोजलं. सतरा, ओके.
ड्रायव्हर म्हणाला, पागनीसकाका, यादीत अठरा आहेत.
ती परत मोजायला लागली. सतरा.
चेहरा उतरला, कुठल्या तरी कड्यावर माणूस राहिल्यासारखा.
मी तिच्या खांद्याला छत्रीची मूठ लावली.
अठरा.
आज तू पण आहेस, बाई.
हसली. पण चढताना पायरीवर थांबली जराशी,
जणू हा आकडा कुठे बांधावा ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंदूरची बस, कुठल्याशा पतसंस्थेची.
बदकं झाली, कुंड झालं,
आणि मी बेचाळीस जणांना त्या उतारावर घेऊन गेलो.
रामसेवकानं कपाळाला हात लावला.
अंधारात एक गृहस्थ म्हणाले,
अहो, इथे बघायला आहे तरी काय?

मी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी सोडवली.