इंजिनाचं तोंड

केल्डन जंक्शनला मी कॉलबॉय होतो,
सस्कॅचेवानच्या सपाटीवर, चौदाव्या वर्षी.
काम एवढंच: झोपलेल्यांना उठवायचं.
एका हातात कंदील, काखेत वही.
गाडीच्या दोन तास आधी दार वाजवायचं,
नाव घ्यायचं, सही घ्यायची.
सही नाही तर माणूस उठलाच नाही, असा नियम.

कोण कसा उठतो मला पाठ होतं.
प्रिंगल ड्रायव्हर पहिल्या टकटकीला "हं" म्हणायचा,
जणू रात्रभर दाराशीच बसून होता.
लॅव्हर्न ब्रेकमन शिव्या घालतच जागा व्हायचा,
आणि ऑडेटबाईंच्या खानावळीत, वरच्या मजल्यावर,
मी आधी मोठ्याने खाकरायचो.

वहीतलं एक नाव माझ्याच आडनावाचं.
त्या दाराची किल्ली माझ्याच खिशात,
तरी मी बाहेरून वाजवायचो:
"फायरमन बोयचुक. चार-दहाची मालगाडी, पश्चिमेकडे."
बाप मोजे चढवत यायचा, वहीत फुली मारायचा.
गॅलिशियाहून आणलेली तेवढीच अक्षरओळख.

एकशे बारा मैल झाले की इथे सगळे उतरायचे,
इंजिन तापलेलं, माणसं गारठलेली.
डबे तेच. आत घोरणाऱ्यांना पत्ताही नसायचा
की पुढचे हात बदलले.
कारभार सोपवायचा तो उभ्या उभ्या:
"डावा इंजेक्टर अडतो."
"एकसष्टाव्या मैलाला बर्फ साचलंय."
"कोळसा म्हणजे नुसती भुकटी, मी नाही आणला."
एक उतरायचा, दुसरा चढायचा, बैठक अजून ऊन असायची.
बाप म्हणायचा, परक्याच्या उबेवर बसायला
आधी लाज वाटते,
मग एखाद्या रात्री ती नसली तर चुकल्यासारखं होतं.

जानेवारीत एकदा तो चौदा तासांनी परतला,
बुटांसकट आडवा झाला.
आठ तासांनी त्याचंच नाव पुन्हा वहीत.
मी दारापर्यंत गेलो, वाजवलं नाही.
फुली मीच मारली. म्हटलं, अर्धा तास झोपू दे,
मग उठवतो.
आणि चुलीशेजारी मलाच डोळा लागला.

गाडी दुसरा फायरमन घेऊन गेली.
बापाच्या नावावर ठपका बसला, महिन्याचा पगार कापला गेला.
त्याने कुणालाच सांगितलं नाही की फुली त्याची नव्हती.
फक्त माझ्याकडून तोंड फिरवलं.
तीन आठवडे.

आमचं टर्नटेबल हाताने ढकलायचं होतं.
शंभरावर टनांचं धूड दोन माणसं फिरवतात,
बरोबर मध्यावर उभं असेल तरच.
वीतभर इकडेतिकडे झालं की दहा जणांनाही दाद देत नाही.
प्रिंगल टेंडरमधलं पाणी किती उरलंय तेही हिशेबात धरायचा;
पूल कुठे टेकतोय ते बुटाच्या तळव्याला कळतं म्हणायचा.

त्या रात्री उणे एक्केचाळीस.
शेडवाला तापाने पडलेला.
प्रिंगलने इंजिन पुलावर आणलं, जरासं मागे घेतलं,
अजून बोटभर, आणि हात वर केला.
एका टोकाच्या दांड्याला बाप, दुसऱ्या टोकाला मी.
मध्ये इंजिन. तो मला दिसत नव्हता.
पण मी ढिला पडलो की लोखंडातून कळायचं,
पलीकडे कुणीतरी जास्तीचा भार घेतलाय.
मग मी जोर लावायचो, आणि दांडा हलका व्हायचा.
एवढंच बोलणं.

अर्धा फेरा झाला. इंजिनाचं तोंड पूर्वेला.
मी थांबलो तिथे बर्फात मोठ्या बुटांचे ठसे होते.
त्याने जिथून सुरुवात केली होती, ती जागा.
माझे छोटे ठसे त्याच्या पायाखाली असणार.

"खीळ लाव," तो ओरडला.
लावली. मग खड्ड्याच्या काठाने चालत आला,
फावड्याचा दांडा माझ्यापुढे धरला.
"फुली कुणालाही येते," म्हणाला.
"माझं नाव कसं लिहितात, दाखव."

मी बर्फावर लिहिलं. त्याने खाली गिरवलं.
पहिलंच अक्षर उलटं आलं.
ते पुसायच्या आत प्रिंगलने शिट्टी दिली,
कारण पाच-पंचवीसचं इंजिन
पुलाशी येऊन उभं होतं,
आणि त्याचंही तोंड फिरवायचं होतं.