कमी भरलेलं

साखर पेठेत आमच्या दुकानावर पाटी आहे:
गज्जम काटा दुरुस्ती. शिक्का मारून मिळेल.
वडील आकडे तेलुगूत मोजतात, भांडतात मराठीत,
आणि सराफाचा काटा उघडला
की आधी पंखा बंद.
मे महिना, बेचाळीस अंश, मानेवरून घामाची धार,
तरी बंद.
पारड्याला श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही.

मी जिथे काम करते तिथे पारडंच नाही.
चुंबकाच्या पोटात एक रिकामी जागा,
तिच्यात जस्ताचं एक केंद्रक,
न्यूट्रॉन नको तितके कोंबलेलं,
पापणी लवून उघडेपर्यंत संपणारं.
ते गरगरतं. आम्ही फेरे मोजतो.
जड असलं तर सावकाश, हलकं असलं तर भरभर.
शेजारी कार्बन, आमचं शिक्क्याचं माप.
दहा कोटींत एकाची चूक चालते.
कुणी दार उघडं टाकून खोली तापवली
तर मीही ओरडते,
अगदी त्यांच्याच आवाजात.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
मी सांगत होते:
सुटे प्रोटॉन, सुटे न्यूट्रॉन मोजून बेरीज केली
तर अख्खं केंद्रक त्याहून कमी भरतं.
वडिलांचा घास थांबला.
"कमी? मग कुणीतरी काटा मारतंय."
चाळीस वर्षं त्यांनी हेच तर पकडलं,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
बुडातून शिसं काढून घेतलेलं माप.

चोरी नाही नाना.
जे कमी भरलं
ते एकमेकांना धरून ठेवण्यात गेलं.
तूट मोठी तर पकड घट्ट.
या जस्ताची पकड किती, कुणालाच माहीत नाही,
म्हणून हा खटाटोप.

आई म्हणाली, "चादरीसारखंच की.
सूत देतो तेवढी चादर कुठे परत येते?"
"ती रुई उडते गं," वडील म्हणाले,
"तो हिशेब वेगळा."
मग बराच वेळ दह्यात बोट फिरवत राहिले.
"शिक्का कोण मारतं तुमच्याकडे?"
दुसरी कुठलीतरी प्रयोगशाळा. पुन्हा मोजून.
"हं. मग ठीक."

अडीच वाजता फोन थरथरला.
पाळीभरात सतरा केंद्रकं सापडली होती,
तेवढ्यांवरून आकडा निघाला होता.
अंधारात मी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली.
पलीकडच्या खाटेवरून आवाज आला,
"किती भरलं?"
मी पहिला अंक उच्चारणार, तोच
"थांब," म्हणाले,
चाचपडत उठले,
पंखा बंद केला.
"आता सांग."